थांबायची तालीम

बर्फवाल्याचं नाक तीनदा मोडलं होतं, आणि त्यांपैकी दोनदा एकाच मुलीनं मोडलं होतं. ती मुलगी त्याची सख्खी भाची. पहिल्यांदा मोडलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि हॉलमध्ये येऊन तिला जेमतेम वीस मिनिटं झाली होती. रक्त बनियनवर ओघळत असताना तिची आई, म्हणजे बर्फवाल्याची धाकटी बहीण, दारात उभी राहून म्हणाली, "दादा, मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस," तो नाकाला फडकं दाबत म्हणाला. "पण एवढं खरं सांगत असशील असं वाटलं नव्हतं."

पहाटेपासून दुपारपर्यंत तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा, म्हणून बर्फवाला. एकेक लादी त्याच्याहून जड. आकडा अडकवायचा, पाठ वाकवायची आणि निसरड्या फरशीवरून ती ओढत क्रशरच्या तोंडाशी न्यायची. दुपारी घरी येऊन तो तासभर पडायचा आणि संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायचा. हॉल म्हणायचं ते कौतुकानं. भुसा आणि चिंध्या भरलेल्या दोन बॅगा, मधोमध दोरांचा चौक, एक गळका नळ, आणि खालून चोवीस तास येणारा जळक्या रबराचा वास. त्या वासात महिनाभर टिकला त्याची छाती तयार झाली, असं तो म्हणायचा. डॉक्टरांचं मत वेगळं असेल, पण डॉक्टरांना विचारलं होतं कुणी?

भाचीला सगळे सुतळी म्हणत, कारण ती तेवढीच बारीक होती. शाळेत वर्गातला एक मुलगा तिच्या बापाबद्दल काहीतरी अभद्र बोलला. तिनं त्याला एक ठोसा मारला आणि तो पडला. इथवर शाळेनंही समजून घेतलं असतं. पण तो पडल्यावर ती त्याच्या छातीवर बसली आणि दोन शिक्षक आणि एक शिपाई मिळून तिला ओढून काढेपर्यंत मारत राहिली. मुलाचे चार दात गेले, गालाचं हाड आत गेलं. तिला विचारलं की मुलगा पडल्यावर तरी का नाही थांबलीस, तर म्हणाली, "हात थांबेना."

आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. रोज रक्ताच्या चादरी उकळत्या पाण्यात घालणारी बाई, तिला रक्ताचं काय भय? पण लेकीचं हे उत्तर ऐकून तिच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्याच दिवशी तिनं पोरीला भावापुढे आणून उभं केलं. "मारायचं तिला येतंच, दादा. तू तिला थांबायचं शिकव."

बहीण बरोबर माणसाकडे आली होती. कारण बर्फवाल्याच्या हॉलची एक रीत होती आणि ती आसपासच्या कुठल्याच हॉलमध्ये नव्हती. नवीन आलेल्याला तो महिनाभर बॅगेला हात लावू द्यायचा नाही. हाताला नुसत्या पट्ट्या गुंडाळून त्याला समोर उभं करायचा आणि सांगायचा, "मार माझ्या तोंडावर. अगदी मनापासून मार. मी 'थांब' म्हटलं की मूठ जिथं असेल तिथं थांबली पाहिजे." कधी तो लवकर म्हणायचा, कधी मूठ नाकापासून चार बोटांवर आल्यावर. मूठ थांबली तर ठीक. नाही थांबली तर तो मार खायचा, तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "पुन्हा."

लोक त्याला वेडा म्हणायचे. पण त्या वेडामागे एक माणूस होता.

बर्फवाला सव्वीस वर्षांचा असताना त्याची एका नळदुरुस्तीवाल्याशी लढत झाली. तो माणूस दमलेला, हात खाली आलेले. घंटा झाली. घंटेनंतर बर्फवाल्यानं त्याच्या कानशिलावर एक उजवा मारला. नळवाला सरळ मागे पडला, डोकं फळीवर आपटलं, आणि उठला तेव्हा त्याचं अर्धं अंग गेलेलं होतं, वाचाही गेलेली होती. चौकशी झाली. बर्फवाला म्हणाला, गोंगाट फार होता, घंटा ऐकू आली नाही. पंचांनी मान्य केलं. नळवाल्याच्या बायकोनंही मान्य केलं, आणि त्याला घरात येऊ दिलं. पुढची अकरा वर्षं, नळवाला जाईपर्यंत, बर्फवाला दर रविवारी जाऊन त्याची दाढी करायचा. नळवाला त्या वेळी टक लावून त्याच्याकडे बघत राहायचा. वस्तरा हातात असताना त्या नजरेखाली हात स्थिर ठेवणं, हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

आणि आता बहिणीच्या पोरीच्या खांद्यावर त्याला तोच उजवा हात दिसला. तोच झोक, तीच घाई, आणि समोरचा पडल्यावर डोळ्यांत येणारी तीच चमक. बर्फवाल्याला रात्रंदिवस एकच घोर लागला. ही एक दिवस कुणालातरी असंच कायमचं झोपवणार, आणि मग हिचं पुढचं सगळं आयुष्य आपल्यासारखं होणार.

तो हात धुऊन तिच्या मागे लागला. सकाळी डोंगरावरची पळापळ, संध्याकाळी दोरीवरच्या उड्या, पोटावर जड चेंडू आपटून घेणं, हे सगळं होतंच. शरीर काय, बैलही तयार करतो. त्याचं खरं लक्ष डोक्यावर होतं. तो तिच्या बरगड्यांवर ठोसे मारत मारत पाढे विचारायचा.

"एकोणीस साते?"

ठोसा. "एकशे तेहेतीस."

"एकोणीस आठे?"

ठोसा. "एकशे... मामा, दम तर घेऊ द्या!"

"दम घेऊन कुणीही सांगेल. दुखत असताना सांग."

कारखान्यातून तो बर्फ आणायचा आणि बादलीत तिचे हात बुडवून श्वास मोजायला लावायचा. शंभर श्वास, सावकाश. एक जरी घाईचा झाला तरी पुन्हा एकपासून. पहिल्या वर्षी तिनं बादली तीनदा लाथाडली. दुसऱ्या वर्षी तिनं त्याचं नाक दुसऱ्यांदा मोडलं, वर भुवई फुटली आणि एक दात गेला. शेजारीण विचारायची, "बायको नाही घरात, मग मारतं कोण हो तुम्हाला?" बर्फवाला म्हणायचा, "भाची. फार जीव आहे तिचा माझ्यावर."

अडीच वर्षांनी एका संध्याकाळी त्यानं अगदी शेवटच्या क्षणी "थांब" म्हटलं आणि तिची मूठ त्याच्या ओठाला टेकून थांबली. टेकली, पण लागली नाही. पट्टीचा घामट वास त्याच्या नाकात गेला. सुतळी स्वतःच्या मुठीकडे बघतच राहिली. त्या दिवसानंतर तिची मूठ एकदाही चुकली नाही. 'थांब' म्हटलं की ती थांबायची. पूर्ण वेगात असली तरी, रागानं लाल झालेली असली तरी. बर्फवाल्याला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मग त्यानं तिला लढतींत उतरवली. वर्षभरात तिनं नऊजणींना धूळ चारली आणि दहावी लढत निवड स्पर्धेची अंतिम लढत होती. जिंकणारी देशाच्या संघात जाणार. समोर एका गवंड्याची मुलगी. लहानपणापासून विटा वाहून तिचे खांदे दारात मावणार नाहीत असे झालेले. तिच्या कोपऱ्यात होता आरसेवाला.

हा आरसेवाला एके काळी बर्फवाल्याचाच चेला. नंतर त्यानं स्वतःचा हॉल काढला आणि चारही भिंतींना आरसे लावले, म्हणून आरसेवाला. बर्फवाल्याच्या तोंडावर मुठी थांबवतच तोही शिकला होता. म्हणजे घरचा भेदी म्हणावा तसाच. पण बर्फवाल्याच्या ते डोक्यातच आलं नाही.

पहिला राऊंड गवंड्याच्या मुलीचा. तिनं सुतळीला दोरांना चिकटवून पोटात असे काही हाणले की दुसऱ्या रांगेतल्या माणसांनी स्वतःची पोटं धरली. सुतळीच्या नाकातून रक्त सुरू झालं. दुसऱ्या राऊंडमध्ये मात्र ती सुटली. डावा, डावा, उजवा. गवंड्याच्या मुलीचा ओठ चिरला, डोळ्याखाली टेंगूळ आलं, एका ठोशानं हेडगार्ड फिरून कान झाकून बसलं. पंचांनी ते नीट करून पुन्हा सोडलं. सुतळीनं तिला कोपऱ्यात गाठलं, खांदा मागे नेला आणि हनुवटीवर उजवा सोडला.

"थांब!"

आरसेवाला ओरडला. बर्फवाल्याच्याच ढबीत, तसाच पोटातून, तसाच आखूड.

सुतळीची मूठ हनुवटीपासून दोन बोटांवर थांबली.

ती का थांबली हे त्या प्रेक्षकांत कुणालाच कळलं नसेल. गवंड्याच्या मुलीलाही नाही. पण समोर उघडा जबडा दिसल्यावर कारण विचारत बसायला ती काही मूर्ख नव्हती. तिचा डावा हूक सुतळीच्या जबड्यावर बसला. तोंडातला गार्ड उडून टेबलावर पंचांच्या कागदांत पडला, आणि सुतळी धान्याचं पोतं टाकावं तशी खाली आली.

"एक. दोन. तीन."

बर्फवाला उभ्या उभ्या गार पडला. अडीच वर्षं आपण हिला काय शिकवलं ते त्याला तेव्हा दिसलं. पोरीचं मन तयार केलं असं आपण गावभर सांगत होतो. मन कुठलं? हिच्या हाताचा लगाम आपण फक्त हिच्याकडून काढून आपल्या तोंडात ठेवला होता. कुणीही यावं, तेवढा शब्द उच्चारावा आणि तो ओढावा. रागानं आणि शरमेनं त्याच्या कानशिलांत आग झाली.

"सहा. सात." सुतळी गुडघ्यावर आली. आठला उभी राहिली. पंचांनी आरसेवाल्याला ताकीद दिली. तो हात जोडून म्हणाला, "मी माझ्या मुलीला सांगत होतो साहेब." उरलेली वीस सेकंदं सुतळीनं दोरांना धरून, मार खात काढली. घंटा झाली.

हातात एक मिनिट होतं. स्टुलावर बसताच ती रक्त थुंकली आणि म्हणाली, "जीव घेते तिचा. मामा, आज सोडत नाही मी तिला."

टॉवेल टाकावा का? टाकला तर लढत संपेल आणि कुणाचा जीव जाणार नाही. बर्फवाल्याचा हात टॉवेलवर गेलाही होता. पण टॉवेल टाकला तर ही पोरगी ती आग घेऊन घरी जाईल, रस्त्यावर जाईल, आणि तिथं पंच नसतात. त्यानं टॉवेल सोडला, ओला बर्फ तिच्या मानेवर धरला आणि तिचा जबडा दोन्ही हातांत पकडला.

"ऐक. तो नळवाला होता ना, ज्याची मी दाढी करायचो."

"आत्ता काय त्याचं?"

"मला घंटा ऐकू आली होती."

 आजवर ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती. नळवाल्याच्या बायकोला नाही, बहिणीला नाही, स्वतःशी बोलतानाही नाही.

"स्वच्छ ऐकू आली होती. तरी मारला. मारायचाच होता म्हणून मारला."  "आता कुणाच्याही 'थांब'नं थांबू नकोस. माझ्यासुद्धा. मी तोंडच उघडणार नाही. तू तिच्याकडे बघ आणि तुझं तू ठरव."

घंटा झाली. त्यानं तिच्या तोंडात गार्ड बसवला आणि टॉवेलचं टोक स्वतःच्या दातांत धरलं.

तिसरा राऊंड म्हणजे नुसती कत्तल होती. बॉक्सिंगची शोभा वगैरे म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवायला हवं होतं. दोघींनी पायांची हालचाल सोडूनच दिली आणि चौकाच्या मध्यावर उभ्या राहून एकमेकींना कुटलं. रक्ताचे शिंतोडे पंचांच्या पांढऱ्या शर्टावर उडाले. सुतळीची भुवई फाटली आणि तो डोळा बंद झाला. आरसेवाला एकदा ओरडला, "थांब!" सुतळीनं ऐकलंच नाही. त्याच क्षणी तिचा डावा यकृतावर बसला, गवंड्याची मुलगी कमरेत वाकली, आणि सुतळीनं सगळं अंग फिरवून वरून उजवा हाणला. तो कपाळाच्या कडेला, हाडावर आदळला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

गवंड्याची मुलगी दोरांवर पडली, पण खाली गेली नाही. मधला दोर तिच्या काखेत अडकला आणि ती लोंबकळत उभी राहिली. हात खाली. डोळे पांढरे. पंच सुतळीच्या पाठीमागे अडकले होते, त्यांना गवंड्याच्या मुलीचा चेहरा दिसत नव्हता. ते वळसा घालून येईपर्यंत दोन सेकंदं तरी जाणार होती, आणि दोन सेकंदांत माणूस मरतो.

"मार! मार!" सगळं सभागृह उभं होतं. आरसेवाला आता खरोखर रडवेल्या आवाजात ओरडत होता, "थांब गं! थांब!" बर्फवाल्याच्या जिभेवर शब्द आला. त्यानं टॉवेल चावला.

सुतळी उघड्या आभाळाखाली उभी असल्यासारखी उभी होती. उजवा हात खाली गेलेला. मग तिनं डाव्या हाताचा ग्लोव्ह उजव्या दंडावर घट्ट दाबला आणि तशीच राहिली. पंच मध्ये शिरले, त्यांनी चेहरा बघितला आणि दोन्ही हात हवेत हलवून लढत थांबवली.

बर्फवाला मटकन स्टुलावर बसला आणि ढसाढसा रडला. बावन्न वर्षांचा, लाद्या ओढणारा माणूस चारचौघांत रडला आणि त्याला लाज वाटली नाही. पोरगी वाचली होती. सव्वीस वर्षांपूर्वी त्याला जे जमलं नाही ते तिला जमलं होतं, आणि कुणी ओरडून सांगितल्याशिवाय जमलं होतं.

पुढचं सगळं त्याला धूसर दिसलं. गवंड्याची मुलगी दहा मिनिटांत शुद्धीवर येऊन पाणी प्यायली. आरसेवाल्यानं येऊन सुतळीपुढे मान खाली घातली. संघाच्या यादीत तिचं नाव वाचलं गेलं. मग प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले, "जिंकणारे पुष्कळ पाहिले. पण या मुलीनं जिंकता जिंकता स्वतःच स्वतःचा हात धरला." आणि खिलाडूवृत्तीचा एक वेगळा कप तिला दिला. टाळ्या थांबेनात. सुतळीनं तो डाव्या हातानं घेतला. ती हसली नाही, पण सुजलेल्या तोंडानं कोण हसणार?

कपडे बदलायच्या खोलीत दोघंच होते. बर्फवाला कात्रीनं तिच्या मनगटावरची पट्टी कापायला बसला. "पोरी," तो म्हणाला, "आज मी मेलो तरी चालेल."

"मामा, उजवा हळू. खांदा निखळलाय."

त्यानं वर बघितलं. खांद्याचा गोल गेला होता आणि पुढच्या बाजूला एक उंचवटा आला होता. पस्तीस वर्षं खांदे बघत आलेल्या माणसाला तो इतका वेळ दिसला नव्हता. "कधी निखळला?"

"तो शेवटचा मारला तेव्हाच."

खोलीत नळाचं पाणी टपटपत होतं. बर्फवाल्यानं कात्री खाली ठेवली.

"डोळे पांढरे झालेले दिसले मला," सुतळी म्हणाली. तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी ती थांबली नाही. "कळलं होतं, ती संपली म्हणून. तुमचं बोलणंही आठवत होतं. तरी दुसरा मारणार होते. हात उचलायला गेले आणि तो उचलेचना. डाव्यानं धरला नसता तर गळून पडला असता असं वाटलं. मी थांबले नाही मामा. उचलला गेला असता तर मारलंच असतं."

बाहेर अजून कुणीतरी तिच्या नावानं ओरडत होतं.  बर्फवाल्याचे खांदे एकदम म्हातारे दिसायला लागले.

"खोटं बोलली असतीस," शेवटी तो म्हणाला, "तर मी सुखानं मेलो असतो गं."

"माहीत आहे."

"सगळ्या गावानं बघितलं. कुणाला कधी कळलं नसतं."

"तेही माहीत आहे."

"तू अगदी माझ्यावर गेलीस," तो म्हणाला, आणि हे शब्द तोंडातून काढताना त्याला जेवढं दुखलं तेवढं तिन्ही वेळा नाक मोडतानाही दुखलं नव्हतं.

सुतळीनं एका डोळ्यानं त्याच्याकडे बघितलं. दुसरा बंदच होता. "नाही गेले," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला सव्वीस वर्षं लागली. मला अर्धा तास लागला."

बर्फवाल्यानं तिच्या रक्ताळलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात त्याला बराच वेळ काढवेना. मग तो उठला आणि दार उघडून त्यानं डॉक्टरांना हाक मारली.